गाठींच्या जीवाणूंची बदलती नावे

कोराडी परिसरात खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा ही पिके घेतली जातात. या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. १८८९ साली फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना ‘रायझोबियम’ हे नाव दिले. पुढे दीर्घकाळ हे सारे जीवाणू याच एका गटात गणले जात.

परंतु प्रयोगशाळेत वाढविले असता काही जीवाणू लवकर, तर काही फार सावकाश वाढतात असे आढळून आले. म्हणून १९८२ साली सोयाबीनच्या सावकाश वाढणाऱ्या जीवाणूंचा ‘ब्रॅडीरायझोबियम’ हा निराळा गट करण्यात आला. ग्रीक भाषेत ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद. १९९७ साली हरभऱ्याचे जीवाणू ‘मेसोरायझोबियम’ गटात गेले. ‘मेसो’ म्हणजे मधला.

नाव बदलल्याने जीवाणूंचा गुण बदलत नाही. पाकिटावर ‘रायझोबियम’ हे जुनेच नाव असल्यास तेवढ्यावरून माल खोटा समजू नये. मात्र सोयाबीनचे संवर्धक हरभऱ्यास लावल्यास गाठी धरत नाहीत व पैसा वाया जातो. यास्तव कृषी सहायकांनी व शेतकऱ्यांनी पाकिटावरील पिकाचे नाव आणि वापराची अंतिम तारीख अवश्य पाहावी. २५० ग्रॅमचे पाकीट १० ते १५ किलो बियाण्यास चोळावे आणि बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.

फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप मुळासकट काढून गाठ कापून पाहावी. ती आतून गुलाबी असल्यास जीवाणू आपले काम करीत आहेत, असे समजावे.