सकाळचा भात रात्री खाताना

रायपुरातल्या मराठी घरांत रात्रीच्या जेवणाचा प्रश्न बहुतेक वेळा भातावरच सुटतो. सकाळी डब्यांसाठी कुकर लावलेला असतो, त्यातला वाडगाभर भात उरतो आणि रात्री त्याला कांदा, मिरची, हळदीची फोडणी बसते. दोघंही नोकरीवरून साडेसातला घरी पोचणार, मुलाचा गृहपाठ व्हायचा असतो, सासऱ्यांच्या गोळ्या जेवणानंतर लगेच द्यायच्या असतात. अशा वेळी पंधरा मिनिटांत ताटात येणारं दुसरं काय आहे? मी फोडणीच्या भाताविरुद्ध नाही, आमच्याकडे तो आजही होतो. पण सकाळचा भात रात्रीपर्यंत कुठे होता आणि कसा होता, हे विचारायची पद्धत आपल्या घरांत नाही. ती पडावी म्हणून हे लिहिते आहे.

मे महिना होता. रायपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. पारा 44-45 अंशांपर्यंत जातो आणि दिवसभर बंद राहिलेलं स्वयंपाकघर रात्री नऊलाही तापलेलंच असतं. सकाळी आठला केलेला भात पातेल्यात, झाकण घालून, ओट्यावर होता. माझ्या माहेरी वर्ध्याला तो तसाच असायचा, सासरी, रायपूरच्या तात्यापाऱ्यातही तसाच असे. रात्री त्याला ना वास होता, ना तो चिकट झाला होता. कढईत चांगला परतला, वाफ येईपर्यंत गरम केला, वर लिंबू पिळलं. अकराच्या सुमाराला मुलाला उलटी झाली. अर्ध्या तासात सासऱ्यांनाही उलट्या सुरू झाल्या, आणि थांबेनात. त्यांना रक्तदाबाचा त्रास. पहाटेपर्यंत दवाखान्यात सलाइन लावून बसलो होतो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी नाडी बघता बघता पहिला प्रश्न विचारला, "चावल खाया था? कब का बना हुआ?"

दूध, पाणी, बाहेरचं काही, यांतलं काहीच त्यांनी आधी विचारलं नाही. उन्हाळ्यात अशी कुटुंबं येतात, असं ते म्हणाले. मग सलाइन थेंबथेंब उतरत असताना त्यांनी जे समजावलं, ते प्रत्येक घरात पोचायला हवं.

बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू मातीत असतो, तसा तो तांदळाच्या दाण्यावरही येतो. भात शिजवला की जिवाणू मरतात, पण त्यांचे बीजाणू तग धरतात. भात सावकाश कोमट होत गेला की हे बीजाणू जागे होतात, वाढतात आणि भातात एक विष सोडतात. उलट्या करवणारं हे विष उष्णतेला दाद देत नाही. फोडणीनं ते जात नाही, पुन्हा कुकरमध्ये घातलं तरी जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही उलट्या सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा दिवसभरात सावरतो. लहान मूल आणि म्हातारं माणूस यांच्या अंगातलं पाणी मात्र भराभर कमी होतं, आणि खरा धोका तिथे असतो.

"खदखदून गरम केलं की झालं" हा आपला सगळ्यांचा भरवसा. गरम केल्यावर जिवाणू मरतो, हे खरंच आहे. पण त्यानं आधी करून ठेवलेलं विष तसंच राहतं. म्हणून भाताच्या बाबतीत नंतर किती गरम केला याला फारसा अर्थ नाही. आधी किती लवकर गार केला, यावर सगळं ठरतं.

अन्नासाठी 5 ते 60 अंश हा पट्टा वाईट, त्यात जिवाणू वाढतात. रायपूरच्या जानेवारीत रात्री पारा बारा-तेरापर्यंत उतरतो, ओट्यावरचा भात लवकर निवतो, आणि सहसा काही होत नाही. म्हणूनच ही सवय इतकी पक्की बसते. चार महिने थंडीत काही झालं नाही, म्हणजे पद्धत बरोबर आहे असं आपण धरून चालतो, आणि तीच पद्धत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवतो.

यात सर्वांत घातक वस्तू म्हणजे हॉटकेस. भात गरम राहावा म्हणून आपण प्रेमानं त्यात भरतो. सुरुवातीचा काही वेळ तो साठ अंशांच्या वर राहतो, मग तासन् तास चाळीस-पन्नासच्या आसपास रेंगाळतो. जिवाणूला यापेक्षा सोयीची जागा मिळणार नाही. दोन तासांत खायचा असेल तर हॉटकेस ठीक, सकाळचा भात संध्याकाळपर्यंत ठेवायला ती नाही.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंनी हा सगळा प्रकार ऐकला आणि म्हणाल्या, "भात ला पानी म बोर देना, दीदी." छत्तीसगढच्या घराघरांत हेच चालतं. भात पाण्यात बुडवून काही तासांनी खाल्ला तर बोरे, रात्रभर ठेवून सकाळी खाल्ला तर बासी. सोबत मीठ, कच्चा कांदा, हिरवी मिरची, एखादी भाजी किंवा पताल म्हणजे टोमॅटोची चटणी. 1 मे 2022 ला, कामगार दिनी, तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्यांना बोरे-बासी खायचं आवाहन केलं आणि शहरी घरांतही तिची चर्चा झाली. शेतावर उन्हात राबणाऱ्यांनी हे अन्न पिढ्यानपिढ्या जपलं आहे, आणि त्यात जाण आहे. भात पाण्यात गेला की झटकन निवतो, रात्रभरात तो आंबतो, आणि आंबटपणा वाढला की नको ते जिवाणू सहसा फोफावत नाहीत.

पण काही गोष्टी लक्षात ठेवा. बासीसाठी भात शिजल्यावर लवकर पाण्यात जायला हवा. दिवसभर ओट्यावर राहिलेल्या भातावर रात्री पाणी ओतून तो सुरक्षित होत नाही. पाणीही पिण्याचं, स्वच्छ हवं. उन्हाळ्यात बासी सकाळीच संपवावी. आमच्या घरी आजारी माणसाला आणि अगदी लहान मुलाला मी ती देत नाही. भात राखायची युक्ती म्हणून नव्हे, तर एक स्वतंत्र, चांगला पदार्थ म्हणून आम्ही ती शिकलो.

फोडणीसाठी भात ठेवायचा असेल तर पद्धत सोपी आहे. जेवणं झाली की उरलेला भात परातीत पसरा आणि पंख्याखाली ठेवा. वाफ गेली की पसरट, कमी उंचीच्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. हे सगळं उन्हाळ्यात तासाभरात, थंडीत दोन तासांत व्हायला हवं. पातेलंभर गरम भात तसाच फ्रिजमध्ये ढकलला तर बाहेरचा थर निवतो आणि मध्यभाग तासन् तास कोमट राहतो. फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी संपवा. एकदाच आणि चांगला वाफाळेपर्यंत गरम करा, उरला तर पुन्हा ठेवू नका. मे-जूनमध्ये अंधड येतं आणि वीज जाते. फ्रिज चार तासांहून जास्त बंद राहिला असेल तर त्यातला भात खाऊ नका.

सकाळी घाईच्या वेळी परात-पंखा जमत नसेल, तर सरळ मोजून शिजवा. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो. आम्ही आता सकाळी डब्यापुरताच लावतो आणि रात्रीचा वेगळा. कुकरला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात कपडे बदलून होतात.

तांदळाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. रायपूरच्या दुकानांत रोजच्यासाठी ज्या तांदळाला भरपूर मागणी असते तो एचएमटी. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलं. थोडीशी शेती असलेल्या या शेतकऱ्यानं आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षं निवडून पेरल्या. त्या तांदळाला लोकप्रिय घड्याळाचं नाव मिळालं. 2018 मध्ये ते गेले. आपण रोज जो बारीक, मोकळा भात खातो तो एका मराठी माणसाच्या चिकाटीतून आला, हे रायपूरच्या मराठी मुलांना सांगावं असं मला फार वाटतं. सणासुदीला नगरीचा दुबराज किंवा सरगुज्याचा जीराफूल घ्यावा, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण खिचडीला आणि फोडणीच्या भाताला एचएमटीच बरा. डिसेंबरात बाजारात येणारा नवा तांदूळ चिकट होतो. त्याला पाणी कमी घाला, आणि मोकळ्या भातासाठी वर्षभर जुना मागून घ्या.

उरलेल्या भाताशिवायही रात्र निभावते. गोळाभात हा माझा सगळ्यात विश्वासाचा. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून गोळे वळायचे, अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवायचे, झाकण लावायचं. वर हिंग-मोहरीची फोडणी आणि ताक किंवा कढी. भाजी नाही, पोळी नाही, तरी जेवण पुरं.

चिला छत्तीसगढनं शिकवला. तांदळाचं पीठ, मीठ, मिरची, कोथिंबीर आणि पळीतून सहज ओघळेल इतपत पाणी. आपल्या घावनाची ओळख असेल तर पहिलाच तव्यावरून नीट सुटतो. टोमॅटो विस्तवावर किंवा गॅसवर भाजून, लसूण-मिरचीबरोबर ठेचून केलेली पतालची चटणी त्याच्याबरोबर हवीच. फऱ्यासाठी भात लागतो, पण तो फ्रिजमधला घ्या: तांदळाच्या पिठात मळायचा, बोटाएवढ्या लांबट वळ्या करायच्या, दहा-बारा मिनिटं वाफवायच्या आणि मोहरी, तीळ, कढीपत्त्याच्या फोडणीत परतायच्या. मुलं आनंदानं खातात.

ज्या दिवशी गॅसपाशी उभं राहवत नाही, त्या दिवशी दडपे पोहे. पातळ पोह्यांत किसलेली काकडी, टोमॅटो, कांदा, ओलं खोबरं कालवून दडपून ठेवायचं आणि शेवटी फोडणी. पोह्यांच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं भाटापारा आपल्या शेजारीच आहे, त्यामुळे इथे ताजे पोहे मिळतात. फक्त पातळ हवेत असं दुकानदाराला आवर्जून सांगा, नाहीतर जाड मिळतील.

आणि बडी. कोहळा आणि उडदाच्या डाळीची रखिया बडी उन्हात कडक वाळवून डब्यात असली की भाजीविना अडत नाही. थोड्या तेलात परतून बटाटा किंवा वांग्याबरोबर रस्सा करायचा. शास्त्री बाजारात जाणं झालं तर लाल भाजी, चेच, मुनग्याचा पाला यांतलं काही तरी आणावं. निवडून, धुऊन, लसणावर टाकलं की पाच-सात मिनिटांत होतं.

घरात सतत असावं ते इतकंच: तांदूळ, तांदळाचं पीठ, तूर आणि मसूर (मसूर न भिजवता झटकन शिजते), मूगडाळ, बेसन, पोहे, रवा, बडी, शेंगदाणे, तीळ, चिंच. वर्षाची बेगमी करायची आपली पद्धत मोठ्या वाड्यांसाठी आणि कोरड्या कोठारांसाठी होती. फ्लॅटमध्ये ती टिकत नाही. रायपूरच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की श्रावणापर्यंत तांदळात सोंडे आणि रव्यात जाळी दिसते. जून ते सप्टेंबर महिन्याचंच सामान आणा. रवा भाजून ठेवा, बेसन फ्रिजमध्ये, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला. ओल लागलेलं, बुरशीचा वास येणारं धान्य उन्हात घालून वाचवू नका.

डाळ आणि बेसन पारखून घ्या. छत्तीसगढात तिवरा मोठ्या प्रमाणावर पिकतो, आपल्याकडे विदर्भात त्याला लाख म्हणतात. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी इथे आवडीनं खातात. दाण्यात मात्र एक विषारी घटक असतो, आणि दुष्काळात महिनोन् महिने लाखच मुख्य अन्न झाली तेव्हा माणसांचे पाय लुळे पडले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयानं तो घटक कमी असलेली प्रतीक, महातिवडा अशी वाणं काढली आहेत. पण स्वस्त बेसनात किंवा तुरीच्या डाळीत कुठली लाख मिसळली आहे हे आपल्याला कळत नाही. डाळ हातावर घेऊन बघा. एका बाजूला उतार असलेले, चौकोनी कडांचे दाणे दिसले तर ती परत करा. बेसनाची शंका असेल तर हरभऱ्याची डाळ आणून समोर दळून घ्या.

शेवटचं, आणि हे पाठच करून ठेवा. भात खाल्ल्यानंतर घरात एकाहून जास्त माणसांना उलट्या लागल्या तर सकाळची वाट बघू नका. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घोट घोट पाजा. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, किंवा घरातलं म्हातारं माणूस पाणीही पोटात ठेवू शकत नसेल, तर लगेच दवाखान्यात न्या आणि भात कधी शिजवला होता ते डॉक्टरांना सांगा. या विषाला वास नसतो, चव नसते. म्हणून भात हुंगून ठरवू नका. तो केव्हा शिजला आणि केव्हा फ्रिजमध्ये गेला हे घरात कुणालाच आठवत नसेल, तर तो खाऊ नका.