गाणारं व्हायोलिन
शिरूर-दौंडकडच्या भजनात पेटी सगळ्यांनी ऐकलेली असते. पेटीत मींड निघत नाही, व्हायोलिनवर निघते, कारण त्याला पडदेच नाहीत. पण बोट जरा सरकलं की सूर गेलाच! गीतरामायणात बाबूजींना साथ करणारे प्रभाकर जोग (१९३२-२०२१) शब्दसुद्धा ऐकू यावेत असं वाजवत, म्हणून त्यांचं 'गाणारं व्हायोलिन'.

मित्रांनो, खरी गंमत घर्षणात आहे. राळ लावलेले घोड्याचे केस तारेला चिकटून ओढतात, ताण वाढला की तार निसटते, पुन्हा चिकटते. ४४० हर्ट्झच्या सुरासाठी हे सेकंदाला ४४० वेळा! गजाचा दाब जास्त झाला तर नुसती करकर. आपले वादक मांडी घालून वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवतात, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो. होस्टेलवर रियाज करणाऱ्यांनी घोडीवर रबरी म्यूट बसवावा, रूममेट झोपू शकेल.