चार स्विच आणि एक दांडी : जुन्या आर्केड मशीनची जॉयस्टिक



नाणं टाकून खेळायची ती उंच व्हिडिओ गेमची मशीनं तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. आपल्याकडच्या पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ म्हणून गाजलेला गेम म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. अशी मशीनं दुरुस्त करून जपणारे हौशी लोक जपान-अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्या कामातला एकच भाग आज घेऊ : जॉयस्टिक. तरफ आणि विद्युत परिपथ हे दोन्ही धडे तिच्यात एकत्र सापडतात.

सुटी जॉयस्टिक उलटी करून पाहा. दांडीच्या खालच्या टोकाभोवती चार बाजूंना चार स्विच असतात. बस्स, एवढंच! आता मुलांना विचारा, दांडी डावीकडे ढकलली तर कोणत्या बाजूचा स्विच दाबला जाईल? बहुतेक जण ‘डावा’ म्हणतील. उत्तर आहे उजवा. टेकू मध्ये असल्यामुळे वरचं टोक डावीकडे गेलं की खालचं उजवीकडे जातं. ही पहिल्या प्रकारची तरफ. उत्तर लगेच सांगू नका, मुलांना हाताने करून बघू द्या.

पुढचा प्रश्न : स्विच चार, मग तिरकी दिशा कशी मिळते? शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात. म्हणून चार स्विचांतून आठ दिशा निघतात. ‘मुस्तफा’ला त्या आठही लागतात. पण १९८० च्या ‘पॅक-मॅन’ला चारच हव्यात. त्याच्या बोळांत तिरका रस्ताच नाही! तिथे आठ दिशांची दांडी बसवली की वळणावर हात जरा तिरका होतो, दोन स्विच एकदम लागतात, आणि पॅक-मॅन वळतच नाही किंवा भलतीकडे जातो. मूल हरतं आणि आपण म्हणतो, ‘तुला जमत नाही.’ दोष हाताचा नसतो, दांडीचा असतो. म्हणून दुरुस्तीत पहिला प्रश्न ‘कोणती जॉयस्टिक चांगली?’ हा नाहीच, ‘कोणत्या गेमसाठी?’ हा आहे.

हे बंधन घालते दांडीखालची एक साधी पट्टी. तिला गेट म्हणतात. तिच्यातल्या भोकाचा आकार ठरवतो की दांडी कुठे जाईल आणि कुठे अडेल. जपानी सानवा कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकचं चौकोनी गेट ४५ अंशांत फिरवलं की आठाच्या चार दिशा होतात. भूमितीचा यापेक्षा झकास उपयोग मला तरी माहीत नाही.

स्विचही दोन तऱ्हांचे. जुन्या अमेरिकन मशीनांत लीफ स्विच असत : लवचीक धातूच्या दोन पट्ट्या, टोकांना संपर्कबिंदू. आवाज नाही, हाताला मऊ. मायक्रोस्विच म्हणजे बंद डबी, दाबली की ‘टिक्’ वाजते. ती बिघडली की सहसा बदलतात. लीफ स्विच मात्र साफ करता येतो, पट्टी हलकेच वाकवून अंतरही जुळवता येतं. त्यामुळे शिकवायला मला लीफ स्विचच आवडतो.

साफसफाई करताना सँडपेपर नको, संपर्कबिंदूंवरचा मुलामा निघून जातो. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, दोन बिंदूंमध्ये धरा आणि अलगद ओढा. ग्रीसचा पातळ थर फक्त दांडीच्या सांध्याला, स्विचला अजिबात नाही.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा. मुलांना सुटी जॉयस्टिकच द्या, मशीनचं कपाट उघडू देऊ नका. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

जोडणी झाली की मल्टिमीटर ‘बीप’वर लावा आणि एकेक स्विच तपासा. दांडी ढकलली की बीप, सोडली की शांत. चार दिशांच्या दांडीला शेवटी एक परीक्षा द्या : शेजारच्या दोन स्विचांना दोन मीटर लावा आणि दांडी मुद्दाम कोपऱ्याकडे रेटा. दोन्ही एकदम वाजले, तर गेट पुन्हा उघडून बघा.