चार्ज ह्या शब्दाचे ओझे

परक्या भाषेतला शब्द गावात राहावयास येतो तेव्हा आपला सगळा गोतावळा बरोबर आणीत नाही. त्याचा एखादा अर्थ पुढे येतो, बाकीचे मागे राहतात, आणि आपण समजतो की शब्दाची ओळख पटली. चार्ज हा शब्द असाच आहे. मोबाईल चार्जला लावला, मोर्चावर लाठीचार्ज झाला, नव्या ग्रामसेवकाने चार्ज घेतला, गिरणीवाल्याने दळणाचा चार्ज वाढविला, ही वाक्ये इंग्रजीचे अक्षरही न शिकलेली माणसे बोलतात व ती बिनचूक बोलतात. परंतु एका ठिकाणचा अर्थ दुसऱ्या ठिकाणी लावला असता केवढी हानी होते, हे मी स्वतःच्या चुकीवरून जाणतो. ती चूक सांगण्यापूर्वी शब्दाचे मूळ पाहू.

लॅटिन भाषेत चार चाकी गाडीस कारुस म्हणत. हा शब्द रोमी लोकांनी शेजारच्या गॉल लोकांपासून घेतला होता. त्यावरून गाडीत ओझे भरणे ह्या अर्थाचे क्रियापद झाले, ते फ्रेंच भाषेत गेले, आणि तेथून इंग्रजीत चार्ज होऊन आले. मोटारीचे कार हे नाव व जहाजावरील मालाचे कार्गो हे नाव ह्याच घरातली भावंडे होत. व्यंगचित्रास इंग्रजीत कॅरिकेचर म्हणतात तेही ह्याच कुळातले. चित्रकाराने कोणाच्या नाकावर वाजवीपेक्षा अधिक भार घातला, एवढाच त्याचा अर्थ!

तर चार्ज म्हणजे ओझे, हे मनात धरावे. ओझे कोणावर व कशाचे, हे बदलले की अर्थ बदलतो. तोफेत दारू ठासली, तो चार्ज. बेंजामिन फ्रँकलिन ह्याने 1740 च्या दशकात अमेरिकेत काचेच्या बरण्यांत वीज साठविण्याचे प्रयोग केले, तेव्हा त्या भरण्यासही हाच शब्द लाविला. आणि अशा बरण्यांच्या समूहास बॅटरी म्हटले, तो शब्दही तोफखान्यातलाच. पुढे शास्त्र वाढले. आज चार्ज म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन अशा सूक्ष्म कणांचा एक गुण, ऋण किंवा धन, असे शिकवितात. म्हणून मोबाईल चार्ज झाला म्हणजे त्यात हा गुण वाढला असे नव्हे. एका तारेने जेवढा आत येतो तेवढाच दुसरीने बाहेर जातो. साठते ती ऊर्जा.

आपल्या मराठीनेही ह्या बाबतीत मौज केली आहे. विजेच्या चार्जास आपली पाठ्यपुस्तके प्रभार म्हणतात, आणि तात्पुरते काम पाहणाऱ्या मुख्याध्यापकांस प्रभारी म्हणतात. त्यांच्या अंगात वीज आहे असे मात्र कोणी समजत नाही. विहिरीत पावसाचे पाणी मुरविणे ह्यास इंग्रजीत रीचार्ज म्हणतात व मराठीत पुनर्भरण. भार आणि भरण हे दोन्ही शब्द भृ ह्या एकाच संस्कृत धातूचे. वीजबिलात हाच चार्ज स्थिर आकार, वहन आकार असे रूप घेतो. आणि आकार म्हणजे आकृतीही, व सातबाऱ्यावरील जमिनीचा सारा तोही. तेव्हा एका शब्दाने अनेक घरची चाकरी करणे ही काही इंग्रजीचीच खोड नव्हे. पाळकाकडे सोपविलेल्या मंडळीसही चार्ज म्हणतात. त्या ओझ्याविषयी येथे लिहीत नाही.

आता माझी चूक सांगतो. सेमिनरीत दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत घरी आलो होतो. आमच्या आळीतील एक विधवा मावशी इंग्रजी पत्र घेऊन आली. तिचा मुलगा शहरात एका कारखान्यात कोठारावर कामाला होता. आजारी पडून तो कोणास न कळविता दूरच्या बहिणीकडे गेला होता, म्हणून पत्र गावच्या पत्त्यावर आले. मी पहिली ओळ वाचली. कोठार तुमच्या चार्जमध्ये असताना, अशी तिची सुरुवात होती. मी म्हणालो, "मावशी, आनंद करा, त्याला कोठाराचा चार्ज दिला आहे." तिने शेजारी गूळ वाटला. खाली, दुसऱ्या परिच्छेदात, माल कमी भरल्याचा चार्ज त्याजवर ठेवला होता, आणि सात दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. पत्र मुलाच्या हाती पडले तेव्हा तीन आठवडे होऊन गेले होते. खुलासा नाही म्हणून चौकशी त्याच्या पाठीमागे झाली व नोकरी गेली. त्याने माल घेतला नव्हता असे मी मानतो. पण ते सांगावयाची वेळ माझ्या अर्धवट विद्येने घालविली.

एकाच पत्रात तोच शब्द दोनदा, एकदा विश्वासाचे ओझे व एकदा दोषाचे. आपला आरोप हा शब्दही असाच आहे: आरोपण म्हणजे वर ठेवणे, वृक्षारोपणात आहे तेच. ठेवलेले ओझे खरेच त्या माणसाचे आहे की नाही, हे अद्याप ठरलेले नसते. फौजदारी खटल्यात पोलीस तपास करून न्यायालयात जे दोषारोपपत्र देतात ते चार्जशीट. त्यानंतर न्यायाधीश कागद पाहून कोणता आरोप चालवावयाचा तो निश्चित करितो, तोही चार्ज. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी हा क्रम तोच आहे. दोन्ही पायऱ्यांवर मनुष्य अपराधी ठरलेला नसतो. अमक्यावर चार्जशीट झाली म्हणून त्याच्या घरचे पाणी टाकणारे लोक मी आपल्याच मंडळ्यांत पाहिले आहेत.

शेवटी जमिनीवरचा चार्ज, कारण तो शेतकऱ्यास न विचारता वर्षानुवर्षे बसून राहतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 48 प्रमाणे गावच्या सोसायटीकडून कर्ज घेणारा जमीनधारक सभासद आपल्या जमिनीवर चार्ज लिहून देतो. मराठीत तो बोजा. सातबाऱ्यावर इतर हक्क ह्या रकान्यात त्याची नोंद होते. कर्ज पुरे फिटेपर्यंत ती जमीन सोडवून घेतल्याशिवाय विकता येत नाही, विकल्यास व्यवहार निरर्थक ठरतो. पुष्कळांस वाटते की शेवटचा हप्ता भरला की बोजा आपोआप उतरतो. तसे समजून बसू नये. सोसायटीकडून बेबाकीचा दाखला घ्यावा, तो अर्जासह तलाठ्याकडे द्यावा, फेरफार मंजूर होऊ द्यावा, आणि नवा उतारा काढून तो रकाना स्वतः पाहावा. वाचता येत नसेल तर उपदेशक बंधूंनी वाचून दाखवावा, आणि पहिल्या ओळीवर थांबू नये.