आधी निदान, मग मलम

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. कारखान्यातील बंद बूट वापरू लागल्यापासून तळव्यांस व बोटांच्या कडांस असह्य खाज सुटते, साबुदाण्यासारखे खोल फोड उठतात, ते सुकले की पापुद्रे निघून टाचेला भेगा पडतात, आणि औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या मलमाने चार दिवस आराम पडून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होतात, ही तुझी कैफियत सविस्तर वाचली. तीवर माझे सांगणे एकच आहे : व्याधीचे नाव निश्चित झाल्यावाचून तिजवर कोणतेही मलम चोळू नये.

पायाला खाज सुटली की आपल्याकडे सरसकट ‘नायटा झाला’ म्हणून मोकळे होतात. वस्तुतः नायट्याच्या मुळाशी बुरशी असते व ती एकाच्या पायपुसण्यावरून दुसऱ्याच्या पायास लागू शकते, तर इसब हा त्वचेचाच दाह असून तो कोणाकडून येत नाही व कोणास लागत नाही. तेव्हा खोलीतल्या सोबत्यांनी तुझे पायमोजे व टॉवेल निराळे ठेवावयास सांगितले असतील, तर निदान होईपर्यंत ते निमूटपणे मान्य कर. इसबच ठरला, तर मात्र त्यात संकोच बाळगण्याचे काही कारण उरणार नाही. नुसत्या नजरेने या दोहोंतील भेद जाणत्यासही कित्येकदा कळत नाही, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ कातडीचे खवले खरवडून, त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात का ते पाहतात. आता तुझ्या नळीवरील बारीक अक्षरे वाच. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकाच मलमात कोंबण्याची आपल्या बाजारात मोठी चाल आहे. बुरशीवर स्टिरॉइड पडले, तर खाज व लाली तेवढी दबते, बुरशी आत फोफावते, आणि तिचे रूप असे पालटते की पुढे तिची ओळख पटणे दुरापास्त होते.

इसब ठरला तरी ‘का’ हा प्रश्न उरतोच. पावलाच्या वरच्या भागावर, जेथे पट्टा किंवा बुटाचे चामडे घासते तेथेच चट्टे असतील, तर संशय पादत्राणावर घ्यावा : रबर टिकाऊ करणारी रसायने, तळ चिकटविण्याचा गोंद आणि चामडे कमावण्यास वापरलेले क्रोमियम ही यातली नेहमीची कारणे होत. ती हुडकण्यासाठी पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवून ४८ तासांनी काढतात व पुढे एकदोन दिवसांनी पुन्हा तपासतात. यादासोन या जर्मन वैद्याने ही पद्धत १८९५ साली मांडली, आणि ती आजही प्रमाण मानली जाते. क्रोमियम बाधते असे ठरल्यास बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेल्या चामड्याची अस्सल कोल्हापुरी तुला घरी वापरता येईल. कारखान्यातील बुटांबाबत मात्र डॉक्टरांचा दाखला जोडून वरिष्ठांकडे रीतसर अर्ज कर, परस्पर ते काढून ठेवू नकोस.

स्टिरॉइडचा बाऊही करू नये. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो हे सिद्ध झाले, तेव्हापासून इसबाच्या रोग्यांना मोठा दिलासा मिळाला आहे. मात्र त्याची मात्रा व मुदत डॉक्टरांनी ठरवावी. तर्जनीच्या शेवटच्या पेराइतके मलम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि एका पावलास अशी दोन पेरे पुरतात. खरा भार नित्याच्या आचारावर आहे. पाय कढत नव्हे तर कोमट पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच टाचांना व तळव्यांना साधी पेट्रोलियम जेली लावावी. घाम येताच सुती मोजे बदलावेत. बूट रोज एकच जोड न घालता आलटून पालटून वापरावेत. लसूण, लिंबू, रुईचा चीक हे जुने इलाज दाह झालेल्या कातडीला भाजून काढतात, त्यांच्या वाटेस जाऊ नये. फोडांतून लस वाहत असेल, तर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात पाय बुडविण्यास डॉक्टर सांगतात. त्याचा न विरघळलेला खडा मात्र त्वचा जाळतो, म्हणून ते पाणी अंदाजाने करू नये. पू, पसरत जाणारी लाली, सूज अथवा ताप दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणास मधुमेह असून पायाची अशी तक्रार असेल, तर त्यांस तर सबुरीची मुभाच नाही.

इसब समूळ गेला असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. तो उलटतो, पण कारण सापडले व नेम पाळला तर बहुधा आटोक्यात राहतो. येत्या आठवड्यात रजा काढून तज्ज्ञाकडे जा, जाताना ती मलमाची नळी व पायातले बूट दोन्ही बरोबर ने, आणि काय ठरले ते मला सविस्तर कळव.

तुझा,
मामा