नाव ठेवताना, नावे न ठेवता



आपल्या घरी दुसरे बाळ आले आहे, किंवा लवकरच येणार आहे, अशी कल्पना करा. काहींच्या बाबतीत ही कल्पना नसून आजची परिस्थितीच असेल. पाळण्याजवळ एक वही आहे आणि वहीत नावांची यादी आहे. आजी देवाचे नाव सुचवते, काका मोबाइलवर चाळीस नावे पाठवतात, आई अर्थ बघते, बाबा स्पेलिंग बघतात. त्याच वेळी घरातले मोठे मूल, वय वर्षे अडीच, सोफ्याच्या पाठीवर उभे राहून पंख्याकडे हात करत असते. घरातले सगळे एकदम त्याचे नाव घेतात.

ते कसे घेतात? आजचा पाठ या एका प्रश्नाचा आहे.

आत्याची जबाबदारी

हा विषय मला पुस्तकातून नाही, घरातून मिळाला. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. दादा-वहिनींसोबत वडोदऱ्याला राहते आणि अभ्यासातून वेळ मिळेल तसे हिंदी लेख मराठीत आणण्याची सेवा करते. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. गुजरातमध्येही नाव ठेवण्याचा मान फोईचा, म्हणजे आत्याचाच. त्यामुळे पुतणी झाली तेव्हा शेजारच्या बेननी मलाच विचारले, "काय मग, नाव काय ठरवलं?"

मी मोठ्या उत्साहाने यादी करायला बसले. तेवढ्यात आमचा मोठा तिथे आला. बेननी लाडाने त्याला विचारले, "आणि तुझं नाव काय रे?" त्याने स्वतःचे नाव सांगितले आणि त्याला जोडूनच म्हणाला, "नको!" जणू ते त्याचे आडनाव होते.

सगळे हसले, मीही हसले. रात्री मात्र ते हसू टिकले नाही. त्याच्या कानात ते नाव अडीच वर्षांपूर्वी मीच सांगितले होते.

नाव म्हणजे काय?

सोळा संस्कारांत नामकरणाला स्वतंत्र स्थान आहे. पारस्कर गृह्यसूत्रात हा संस्कार दहाव्या दिवशी सांगितला आहे. आपल्याकडे बारावा दिवस रूढ झाला, म्हणून ते 'बारसे'. त्या सूत्रात नावाच्या उच्चाराचा बारकाईने विचार केलेला दिसतो. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी असावे, आरंभी ग, ज, द, ब यांसारखा घोष वर्ण असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा असावा. मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. आज कोणी हे नियम काटेकोर पाळत नाही आणि पाळलेच पाहिजेत असेही नाही. पण त्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. नाव हे आधी तोंडाने घ्यायचे आणि कानाने ऐकायचे असते. कागदावर ते नंतर येते.

भारतभर पाहिले तरी हेच दिसते. केरळात अठ्ठाविसाव्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगतात. शीख कुटुंबांत गुरू ग्रंथ साहिबमधून हुकमनामा घेतात आणि त्याच्या पहिल्या अक्षरावरून नाव ठेवतात. बंगालमध्ये प्रत्येकाला दोन नावे असतात: जगासाठी 'भालो नाम' आणि घरच्यांनी हाक मारण्यासाठी 'डाक नाम'. आपल्या नामकरण विधीतही देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. त्यांपैकी मूल आयुष्यभर ऐकते ते व्यावहारिक नाम, म्हणजेच हाकेचे.

साधारण पाच-सहा महिन्यांचे बाळ स्वतःचे नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखू लागते. त्याला अर्थ कळत नाही, सूर कळतो. शब्दकोशात नावाचा अर्थ काहीही असो, बाळासाठी त्याचा अर्थ आपण त्या नावानंतर काय बोलतो, त्यावरून ठरत जातो.

एका रविवारचे खाते

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी खातेवही शिकवतात. डावी बाजू 'नावे', उजवी बाजू 'जमा'. त्या रविवारी मी वहीच्या एका पानावर असेच खाते आखले. घरात कोणीही मोठ्याचे नाव घेतले की एक रेघ ओढायची. नावापाठोपाठ "नको", "उतर खाली", "किती वेळा सांगू", "बाळ झोपलंय ना" असे काही आले, तर रेघ नावे बाजूला. नुसती हाक, लाड, गंमत किंवा बोलावणे असेल, तर जमा बाजूला.

जेवायची वेळ होईपर्यंत डावी बाजू भरून गेली. उजवीकडे मोजक्या रेघा होत्या. एक आजोबांनी केळे सोलून दिले तेव्हाची. एक वहिनीने झोपवतानाची. एक दूधवाल्या भाईंची, कारण ते रोज दारातून त्याला नावाने हाक मारतात आणि तो धावत जातो. माझ्या आवाजातल्या सगळ्या रेघा डावीकडे होत्या.

यात कोणाचा दोष काढायचा नाही. ओली बाळंतीण, रात्रीची जागरणे, आणि दिवसभर खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून खिडकीत चढणारे मूल. अशा घरात आवाज चढतोच. अडीच वर्षांच्या मुलात अफाट ऊर्जा असते, स्वतःला आवरण्याची शक्ती मात्र अजून तयार व्हायची असते. ते मुद्दाम छळत नाही, पण आपणही दगड नसतो. प्रश्न इतकाच आहे की रागाचे ओझे दर वेळी त्याच्या नावावरच का टाकायचे?

एक नाव, अनेक नावे

भाषांतर करताना मराठीतल्या एका गोष्टीचे मला नेहमी नवल वाटते. 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. एकवचनाचे अनेकवचन होते आणि आशीर्वादाची टीका होते. हिंदीत हा फरक तसाच उतरवता येत नाही.

आमच्या घरी हेच घडत होते. धाकटीसाठी आम्ही एक सुंदर नाव शोधत होतो आणि मोठ्याला रोज नवी नावे ठेवत होतो: द्वाड, हट्टी, आगाऊ, वांड. भेटायला येणारे पाहुणे त्यात भर घालत. "ही किती शांत आहे नाही! याच्यासारखी नाही." बाराव्या दिवशी ठेवलेले नाव एक, आणि पुढे न ठरवता ठेवलेली ही बाकीची. मुलाला बारशाची आठवण नसते. ही नावे मात्र ते रोज ऐकते आणि हळूहळू त्या नावांना ओ देऊ लागते.

श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा आपण जाणतोच. अंतकाळी त्याने मुलाला 'नारायण' अशी हाक मारली आणि विष्णुदूत धावून आले. आपण ही कथा नामाच्या महिम्यासाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यातला एक तपशील आपल्या आजच्या पाठासाठी आहे. तो नारायण अजामिळाच्या दहा मुलांतला सर्वांत धाकटा, बोबडे बोलणारा. अजामिळ स्वतः जेवताना त्याला भरवत असे, पाणी पिताना त्याला पाजत असे, त्याचे खेळ पाहण्यात रमत असे. अजामिळाच्या आचरणात दोष पुष्कळ होते, पण मुलाचे नाव त्याच्या जिभेवर प्रेमाने रुळलेले होते. म्हणून भीतीच्या क्षणीही तेच ओठांवर आले. आपल्या मुलाचे नाव आपल्या जिभेवर कशाने रुळले आहे, हे एकदा तपासून पाहायला हवे.

नाव निवडताना

आता धाकट्या बाळाच्या नावाकडे वळू. घरात धडपड्या मोठे मूल असताना पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

१. *मोठ्याला उच्चारता येईल का, ते पाहा.* हे नाव आयुष्यात सर्वांत जास्त वेळा घेणाऱ्यांत मोठे भावंड असते. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना र, श आणि जोडाक्षरे बहुधा जड जातात. 'र'चा 'ल' होणारच; तो ऐकायला गोड वाटतो का, तेही पाहा.

२. *दोन्ही नावे एकापाठोपाठ मोठ्याने हाक मारून पाहा.* फार सारखी असतील, तर एकाला हाक मारली की दोघे येतील, किंवा कोणीच येणार नाही.

३. *चाळीस नावे मोठ्यांनी चाळावीत, दोन मुलापुढे ठेवावीत.* "बाळाचं नाव काय ठेवू या?" असे विचारले तर लहान मूल 'ट्रॅक्टर'ही सांगेल. आपल्याला चालतील अशीच दोन नावे त्याच्यापुढे ठेवा. निवडीत भाग मिळाला की नाव त्याचेही होते.

४. *नक्षत्राचे अक्षर मार्गदर्शन समजा, अडचण नको.* सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांची मिळून १०८ अक्षरे होतात. हस्त नक्षत्रात 'ण' आणि 'ठ'सुद्धा येतात. म्हणून तर नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम वेगळे ठेवण्याची सोय आहे.

५. *नावाची तुलना करू नका.* "याचं नाव नुसतंच ठेवलं, हिचं मात्र विचार करून ठेवू" असे वाक्य मुलासमोर गमतीतही नको. त्याचे नाव कसे ठरले होते, ती गोष्ट याच दिवसांत त्याला सांगा. मुलांना ती पुन्हा पुन्हा ऐकायला आवडते.

६. *घाई नको, पण नोंद वेळेवर करा.* जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्या वेळी नाव ठरलेले नसले तरी नोंद होते. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरले जाते. म्हणून स्पेलिंग एकदाच नीट ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

घरी करून पाहा

एक दिवस निवडा आणि मोठ्या मुलाच्या नावाचे खाते लिहा. कोणाला दाखवू नका, कोणाला बोलू नका. फक्त लिहा. दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टी करा.

पहिली: धोक्याच्या क्षणी नावाऐवजी क्रियापद वापरा. "थांब!" हा एकच शब्द पुरतो, आणि लगेच उठून मुलापाशी जा.

दुसरी: नाव घेतलेच, तर पुढे काय करायचे ते सांगा. "पळू नको" याऐवजी "माझा हात धर". "ओरडू नको" याऐवजी "कानात सांग".

तिसरी: दिवसातून पाच वेळा काही कारण नसताना मुलाचे नाव प्रेमाने घ्या. काम सांगण्यासाठी नाही, अडवण्यासाठीही नाही. ते वळून पाहील तेव्हा फक्त हसा.

पहिल्या दिवशी हे जमणार नाही. मलाही जमले नाही. माझ्या पाच हाकांपैकी दोन वाटेतच "अरे, ते ठेव आधी" होऊन गेल्या. त्या मी प्रामाणिकपणे डाव्या बाजूला लिहिल्या.

पुढे काय झाले?

आमचा मोठा शांत झाला, असे मी सांगणार नाही. तो आजही खिडकीच्या गजांवर चढतो. पण आता हाक मारली की तो आधी पळत नाही, आधी बघतो. नाव विचारले तर बहुतेक वेळा फक्त नाव सांगतो.

धाकटीचे नाव तीन अक्षरी ठरले. दोन नावांपैकी ते त्यानेच निवडले, म्हणजे दोन दिवस स्वतःच्या ट्रॅक्टरलाही त्याच नावाने हाक मारली. बारशाला मी तिच्या कानात 'कुर्र' केले आणि रीतीप्रमाणे सगळ्या बायकांनी माझ्या पाठीत थापा घातल्या. सर्वांत जोराची थाप कोणाची होती, हे सांगायला नकोच. मी वळले, त्याचे नाव घेतले, आणि पुढे काहीच बोलले नाही. तो खूश होऊन पाळण्याखाली शिरला.

चिंतनासाठी

• आपल्या मुलाच्या नावापाठोपाठ आज आपण सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द उच्चारला?

• लहानपणी आपले नाव प्रेमाने घेणारी व्यक्ती कोण होती? तो सूर अजून आठवतो का?

• ठेवलेल्या एका नावाशिवाय आपण मुलाला आणखी कोणती नावे ठेवली आहेत? त्यांपैकी कोणते आजपासून सोडता येईल?

आज रात्री मूल झोपले की त्याच्याजवळ बसा आणि त्याचे नाव एकदा हळूच घ्या, बारशाच्या दिवशी घेतले होते तसे.