कात्री आणि गारा

आजचे वाचन : योहान 15:1-8



वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांना द्राक्षवेलीचा दाखला दिला. आपण तो इतक्यांदा ऐकलाय की कोणावर संकट आलं की आपल्या तोंडून लगेच निघतं, "देव तुम्हाला छाटतोय." मीही असंच म्हणालो होतो. त्याबद्दलच आज लिहितो.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या द्राक्षबागाही त्यात सापडल्या. वैरागला काकांची दीड एकर बाग तोडणीला आली होती. अर्ध्या तासात मणी फुटले, काड्या सोलून निघाल्या. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो, सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार असायची. पुण्याहून गेलो, बायबल उघडलं आणि काकांना हाच अध्याय वाचून दाखवला. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "छाटणारा डोळा बघून कात्री लावतो रं. गारंला डोळा दिसतो व्हय?"

मी गप्प झालो. डोळा म्हणजे काडीवरची ती बारीक कळी, जिच्यातून फूट निघते. काकांचं बोलणं समजायला आधी छाटणी समजली पाहिजे.

आपल्याकडे दोन छाटण्या

थंड देशात हिवाळ्यात वेलीची पानं गळतात, वेल झोपते आणि तेव्हा मुख्य छाटणी होते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, वेल झोपत नाही. म्हणून महाराष्ट्रात वर्षात दोनदा छाटतात आणि पीक मात्र एकदाच घेतात.

पहिली एप्रिलमधली खरड छाटणी. माल निघाला की ओलांड्यावर एखादा डोळा ठेवून बाकी सगळी काडी काढून टाकतात. भर उन्हात हिरवीगार बाग उघडीबोडकी दिसते. दुसरी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी. तिच्यानंतर फुटीबरोबर घड बाहेर येतात आणि पुढे चारेक महिन्यांत द्राक्षं तयार होतात.

बघणाऱ्याला वाटतं, फळ ऑक्टोबरच्या छाटणीनं येतं. पण घड त्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत, नव्या काडीच्या डोळ्याच्या आत सूक्ष्म घड तयार होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. या दिवसांत डोळ्यांवर ऊन पडावं म्हणून फुटींची विरळणी करतात, शेंडा मारतात, पाणी आणि नत्र बेतानं देतात. नुसती पानं माजली, सावली दाटली किंवा आभाळ भरून राहिलं, तर डोळ्यात घडाऐवजी बाळीच तयार होते. म्हणूनच गोडी छाटणीच्या आधी शेतकरी काड्या प्रयोगशाळेत तपासून घेतात. घड कितव्या डोळ्यात आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि मग कुठं कापायचं ते ठरवायचं.

काका म्हणाले ते हेच. छाटणी म्हणजे बघून केलेलं काम.

माळी फाटा ओळखतो

पहिल्याच वचनात प्रभू पित्याला माळी म्हणतो. माळी बाग लांबून बघत नाही, तो फाटा न् फाटा हाताखालून घालतो. आमच्याच सोलापूर रस्त्यावर नान्नज आहे. तिथले नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधला वेगळा बदल हेरला आणि त्यातून लांब मण्यांची सोनाका जात दिली. हजारो घडांत एक वेगळा आहे हे कळायला रोज बागेत असावं लागतं. मनुष्य इतकं बघतो, तर आपला पिता किती बघत असेल!

कात्री कोणती?

आता दुसरं आणि तिसरं वचन एकत्र वाचा. दुसऱ्या वचनात छाटून साफ करण्यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'काथाइरेई' हा शब्द आहे. तिसऱ्या वचनात शिष्यांना 'शुद्ध' म्हटलंय, तिथे त्याच मुळातला 'काथारोई' आहे. म्हणजे छाटणं आणि शुद्ध करणं एकच. आणि ते कशानं होतं? प्रभू स्वतः सांगतो की त्याने बोललेल्या वचनामुळे. गारांमुळे, आजारामुळे किंवा नोकरी गेल्यामुळे असं त्या ठिकाणी लिहिलेलं नाही.

प्रियांनो, मी इतकी वर्षं हे चुकीचं वाचत होतो. या अध्यायातली कात्री म्हणजे वचन. ते माझा गर्व दाखवतं, ऑफिसात मारलेली थाप दाखवतं, नुसती पानं कुठं माजलीत ते दाखवतं. ते लागतं, पण डोळा बघून लागतं. दुःखातून देव काही घडवत नाही असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या अंगावर पडलेल्या प्रत्येक गारेला कात्री म्हणण्याचा अधिकार मला नाही.

मग गारपिटीनंतर काय?

त्या एप्रिलमध्ये काकांनी फुटक्या काड्यांवरही खरड छाटणी केली. पीक हातात नव्हतं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. तरी जखमी भाग काढला, चांगला डोळा राखला आणि उन्हाची वाट पाहिली. वेलीनं काय केलं? ती फक्त खोडाला धरून राहिली. चौथ्या वचनात प्रभू फाट्याला एवढंच सांगतो : माझ्यात राहा. यहेज्केल 15 सांगतो की वेलीचं लाकूड खुंटीच्याही कामाचं नाही. म्हणजे फाट्याची किंमत जोडलेलं राहण्यातच आहे.

आज तुमच्यापैकी कोणी उघड्याबोडक्या ओलांड्यासारखं उभं असेल, तर एवढंच म्हणेन. गारा कुठून आल्या ते मला सांगता येत नाही. पण गारांनंतर माळी बाग सोडून जात नाही. आणि घड दिसत नाही, तेव्हाच तो डोळ्यात धरत असतो.

मननासाठी
1. या आठवड्यात वचनानं माझी कोणती वाढ छाटायला सांगितली?
2. दुःखात असलेल्या कोणाला मी घाईनं उत्तर दिलं का? त्यांच्याजवळ पुन्हा जाऊन नुसतं बसता येईल का?

प्रार्थना
हे पित्या, तू माळी आहेस. तुझ्या वचनानं मला साफ कर. ज्यांच्या बागेवर गारा पडल्या त्यांच्यापुढं मला कमी बोलायला आणि जास्त थांबायला शिकव. फळ दिसत नाही त्या दिवसांत मला तुझ्या पुत्रात राहू दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.